एकाच हवेत शंभर राउटर : वायफायची टक्कर कशी ओळखावी, कशी टाळावी

आंग मो किओमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा भारतात सात वाजलेले असतात. तिकडे आई-बाबा दिवेलागण करून निवांत झालेले, इकडे मुलांचा अभ्यास नुकताच आटोपलेला. त्यामुळे इथल्या मराठी घरांत व्हिडिओ कॉलची वेळ बहुधा हीच. आणि नेमके याच वेळी चित्र थिजते, आवाज तुटतो, 'आता ऐकू येतंय का?' एवढेच बोलणे उरते. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात, फायबरची जोडणी एक गिगाबिटची असते, बिलही वेळेवर भरलेले असते. मग लोक आणखी महागडा प्लॅन घेतात किंवा आणखी लांब अँटेना असलेला राउटर आणतात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण दोष फायबरमध्ये नसतो. तो राउटर आणि फोन यांच्यामधल्या काही मीटर हवेत असतो.

आंग मो किओ हे सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, १९७३पासून उभारलेले नगर. दहा-बारा मजल्यांचे लांब ब्लॉक, एका सामाईक सज्जाला लागून ओळीने घरे, मधूनमधून उंच पॉइंट ब्लॉक. प्रत्येक घराच्या डाव्या-उजव्या भिंतीपलीकडे, वर आणि खाली दुसरे घर. आज त्या प्रत्येक घरात राउटर आहे, बऱ्याच घरांत दोन-तीन मेश युनिट आहेत, शिवाय फोन, टीव्ही, कॅमेरे, दाराचे डिजिटल कुलूप, हवा शुद्ध करणारे यंत्र. एकट्या बंगल्यात वायफायचा प्रश्न अंतराचा असतो. इथे तो गर्दीचा आहे. मुलुंड, खारघर किंवा हिंजवडीच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांचीही हीच स्थिती आहे, म्हणून पुढचे सगळे त्यांनाही लागू पडेल.

गर्दीचा प्रश्न संकेताचा जोर वाढवून सुटत नाही. प्रत्येकाने हवेतला आपला वेळ कमी केला तरच तो सुटतो. हे का आणि कसे, ते क्रमाने पाहू.

टक्कर होते कुठे?

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये अलोहानेट हे रेडिओवर चालणारे संगणक जाळे सुरू केले. बेटाबेटांवरची टर्मिनल एकाच वारंवारतेवर, हवे तेव्हा आपले पॅकेट पाठवत. दोन पॅकेट एका वेळी आली की दोन्ही बाद होत. पोच आली नाही की पाठवणारा थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवी, आणि हा थांबण्याचा वेळ प्रत्येकाचा वेगळा असावा म्हणून तो चिठ्ठी काढल्यासारखा ठरे. या पद्धतीचे गणित मांडले तेव्हा दिसले की हवेतला जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सत्कारणी लागतो. ठरावीक ठोक्यावरच पाठवायचे असे बंधन घातले, तरी मर्यादा ३६.८ टक्के.

१९७३मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर काम सुरू केले, तेव्हा तारेसाठी अधिक चांगला मार्ग निघाला. पाठवता पाठवता तार ऐकत राहायचे आणि टक्कर जाणवली की तिथेच थांबायचे. वायफायला हे जमत नाही. त्याची कारणे दोन आहेत, आणि पुढचे सगळे उपाय त्यांच्यावरच उभे आहेत.

पहिले कारण ताकदीचे. राउटर साधारण १०० मिलिवॉटने पाठवतो. दुसऱ्या खोलीतल्या फोनचा संकेत त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या अब्जाव्या भागाएवढा उरलेला असतो. स्वतः पाठवत असताना एवढा क्षीण संकेत त्याच चॅनेलवर ऐकणे घरगुती राउटरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसरे कारण जागेचे. टक्कर पाठवणाऱ्यापाशी होत नाही, ऐकणाऱ्यापाशी होते. समजा तुमचा राउटर दाराजवळ आहे, तुम्ही मागच्या खोलीत फोन घेऊन बसला आहात, आणि त्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा राउटर आहे. दोन्ही राउटरांमध्ये तीन-चार भिंती असल्याने त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकदम पाठवतात आणि तुमच्या फोनपाशी दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात. याला हिडन नोड, म्हणजे छुपे केंद्र म्हणतात. फौआद टोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९७५मध्येच या अडचणीचे विश्लेषण केले होते. त्यातून आपल्यासाठी पहिला नियम निघतो : जिथे बसून त्रास होतो तिथेच मोजणी करा. राउटरशेजारी उभे राहून घेतलेली स्पीड टेस्ट टक्करीबद्दल काहीच सांगत नाही.

वायफायची शिस्त आणि तिची मर्यादा

१९९७मध्ये ८०२.११ हे प्रमाण आले, तेव्हापासून वायफायने टक्कर पकडण्याऐवजी टाळण्याचा मार्ग धरला. पाठवण्याआधी उपकरण हवा ऐकते. ५ गिगाहर्ट्झवर ती सलग ३४ मायक्रोसेकंद शांत असेल, तर उपकरण ० ते १५मधली एक संख्या मनाशी धरते आणि ९-९ मायक्रोसेकंदांचे तितके टप्पे मोजत थांबते. मध्येच दुसऱ्या कुणी पाठवले तर मोजणी तिथेच थांबते आणि हवा शांत झाल्यावर पुढे चालू होते. मोजणी संपली की फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, जाते. ऐकणाऱ्याकडून लगेच पोच येते. पोच आली नाही तर टक्कर झाली असे धरून पुढच्या वेळी संख्या ० ते ३१मधून निवडली जाते, मग ० ते ६३मधून, असे करत जास्तीत जास्त १०२३पर्यंत.

आता गर्दीचा परिणाम पाहा. सर्वांची पहिलीच फेरी आहे आणि सर्वांकडे पाठवायला काहीतरी आहे असे धरले, तर दोन उपकरणांत सर्वांत आधीचा टप्पा दोघांचा एकच येण्याची शक्यता सुमारे ६ टक्के. पाच उपकरणे असतील तर १५ टक्के, दहा असतील तर २८ टक्के. ही दहा उपकरणे तुमच्याच घरातली असण्याची गरज नाही. एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांतली उपकरणे याच सोडतीत असतात.

पोच न येण्याची खरी अडचण अशी की तिचे कारण कळत नाही. संकेत क्षीण होता की टक्कर झाली, हे पाठवणाऱ्याला ओळखता येत नाही. बरेच राउटर संकेत क्षीण आहे असे समजून वेग खाली आणतात. वेग कमी झाला की तीच फ्रेम हवेत जास्त वेळ राहते, जास्त वेळ राहिली की तिच्यावर दुसरी आदळण्याची शक्यता वाढते, आणि पुन्हा वेग कमी होतो. १५०० बाइटची माहिती ३०० मेगाबिटच्या वेगाने ०.०४ मिलिसेकंदात जाते. १ मेगाबिटने तिला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीनशेपट. कोपऱ्यातला एक जुना कॅमेरा सगळ्या घराचा वायफाय का मंदावतो, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे.

छुप्या केंद्रावर वायफायमध्ये एक उपाय मुळातच आहे. मोठी फ्रेम पाठवण्याआधी उपकरण एक छोटी विनंती धाडते, तिला आरटीएस म्हणतात. राउटर 'पाठव' असे उत्तर देतो, ते सीटीएस. त्या उत्तरात पुढचा किती वेळ हवा राखीव आहे तेही असते, आणि राउटर ज्यांना ज्यांना ऐकू येतो ती सगळी उपकरणे तितका वेळ गप्प राहतात. इथल्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवून जागा 'चोप' करतात, तसेच हे हवेचे आरक्षण. जागा धरणाऱ्याला तुम्ही पाहिलेले नसते, पण पाकीट दिसते म्हणून तुम्ही तिथे बसत नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र यातली कुठलीच शिस्त पाळत नाही. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्याच्या दारातून निसटणारी थोडीशी ऊर्जासुद्धा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला पुरेशी त्रासदायक ठरते. यूएसबी ३ची हार्ड डिस्क आणि तिची केबलही याच पट्ट्यात गोंगाट सोडते. वायरलेस माउसचा डोंगल तिच्या शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर माउस अडखळतो, तो यामुळेच.

आधी निदान

उपायाची घाई करू नका. चार चाचण्या पुरतात, आणि त्या रात्री नऊ ते अकराच्या गर्दीतच घ्यायच्या. दुपारी बाराला सगळे ठीकच दिसेल.

पहिली चाचणी तारेची. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि तोच व्हिडिओ कॉल लावा. तारेवरही अडखळत असेल तर प्रश्न फायबरचा किंवा पलीकडच्या टोकाचा आहे; सेवा कंपनीला जरूर फोन करा. तारेवर सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल, तर पुढे वाचा.

दुसरी चाचणी संकेताच्या ताकदीची. नेहमीच्या जागी बसून ती डीबीएममध्ये पाहा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप ती दाखवतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की संकेत, गोंगाट, चॅनेल आणि वेग एकत्र दिसतात. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी हे अ‍ॅप घेऊन सेटिंगमध्ये त्याचा स्कॅनर सुरू करावा लागतो. आकडा ऋण असतो : उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ चालण्याजोगा, उणे ७५च्या खाली गेला की अडचण अंतराची किंवा भिंतीची.

तिसरी चाचणी पिंगची. लॅपटॉपवरून आपल्याच राउटरला सलग पाच मिनिटे पिंग करा. राउटरचा पत्ता नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'गेटवे' या नावाने असतो. फोनवर ही चाचणी नको. बॅटरी वाचवण्यासाठी फोन आपला रेडिओ मधूनमधून बंद ठेवतो आणि आकडे फसवे येतात. मोकळ्या हवेत उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत येते. ते ४, ५, ९०, ६, १८०, ५ असे उड्या मारत असेल, तर पॅकेट कुठेतरी पुन्हा पुन्हा पाठवले जात आहे.

या दोन आकड्यांची जोडी म्हणजेच निदान. संकेत चांगला आणि पिंग अस्थिर : टक्कर किंवा गोंगाट. संकेत क्षीण आणि पिंग अस्थिर : आधी राउटरची जागा बदला. संकेत चांगला, पिंगही स्थिर, तरी कॉल अडखळतो : दोष वायफायचा नाही.

चौथी चाचणी शेजाराची. स्कॅनरमध्ये तुमच्याच चॅनेलवर किंवा त्याला अर्धवट झाकणाऱ्या चॅनेलवर किती जाळी आहेत आणि त्यांची ताकद किती, ते पाहा. उणे ८२ डीबीएमपेक्षा प्रबळ असलेले वायफाय तुमचे उपकरण ओळखते आणि त्याच्यासाठी थांबते. ज्या ओळखता येत नाहीत अशा लहरींसाठी मात्र ती मर्यादा उणे ६२ आहे. राउटर चॅनेलचा व्याप टक्क्यांत दाखवत असेल तर तो आकडा सर्वांत मोलाचा. ५०च्या वर गेला की कॉल अडखळू लागतात असे समजा. ज्यांना फ्रेम पकडून पाहणारे सॉफ्टवेअर चालवता येते त्यांनी प्रत्येक फ्रेमवरचा रीट्राय बिट मोजावा. दहा टक्क्यांपर्यंत पुनःप्रेषण नेहमीचे, वीसच्या पुढे उपाय हवा.

आणि नोंद ठेवा : तारीख, वेळ, खोली, उपकरण, काय झाले. नोंदीची ताकद सिंगापूरनेच दाखवून दिली आहे. आंग मो किओच्या पुढच्याच बिशान स्टेशनावरून जाणाऱ्या सर्कल लाइनवर २०१६च्या ऑगस्टअखेरीस आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये गाड्यांचा रेडिओ संपर्क तुटू लागला आणि गाड्या आपोआप आपत्कालीन ब्रेक लावून थांबू लागल्या. बाहेरून काही व्यत्यय येत असावा असा संशय होता. मोबाइल सेवाही काही काळ बंद ठेवून पाहिल्या गेल्या. शेवटी सरकारच्या डेटा शास्त्रज्ञांनी प्रत्येक घटनेची वेळ आणि जागा एका आलेखावर मांडली. तेव्हा दिसले की घटना विखुरलेल्या नाहीत; त्या मार्गावरून एकामागून एक सरकत आहेत, जणू एखादी गाडी समोरून येणाऱ्यांना बाधवत चालली आहे. ती गाडी निघाली पीव्ही४६. तिच्या सिग्नल यंत्रणेतला दोष शेजारच्या गाड्यांचा संपर्क तोडत होता. घरातही असेच घडते. रोज सव्वासातला त्रास होत असेल तर तो कुणाच्या तरी मायक्रोवेव्हचा असू शकतो. एकाच खोलीत होत असेल तर छुप्या केंद्राचा. एकच कॅमेरा चालू असताना होत असेल तर त्या कॅमेऱ्याचा.

उपाय, परिणामाच्या क्रमाने

१. जे हलत नाही ते तारेवर आणा. टीव्ही, डेस्कटॉप, गेम कन्सोल आणि दुसरे मेश युनिट. नव्या एचडीबी घरांत खोल्यांतून लॅनचे पॉइंट बहुधा आयतेच असतात. आंग मो किओच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जुन्या घरांत नसतात. तिथे भिंतीच्या तळाशी सपाट लॅन केबल चिकटवता येते, किंवा विजेच्या तारांतून डेटा नेणारे अडॅप्टर लावता येतात. टीव्हीचे तासन्‌तास चालणारे प्रक्षेपण हवेतून उतरले की फोनला आपोआप जागा मिळते. यापेक्षा परिणामकारक दुसरा उपाय नाही, म्हणून तो पहिला.

२. मेशची दोन युनिटे एकमेकांना वायरलेसने जोडलेली आणि एकाच चॅनेलवर असतील, तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते. मेशमुळे लांबच्या खोलीत संकेत वाढतो खरा, पण गर्दीही वाढते. तार ओढता येत नसेल तर युनिटांच्या आपसातल्या जोडणीसाठी स्वतंत्र पट्टा असलेला मेश घ्या, आणि तीन खोल्यांच्या घरात तीन युनिटे लावू नका.

३. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ हेच चॅनेल आणि २० मेगाहर्ट्झचीच रुंदी. इथे चॅनेलांच्या केंद्रांत ५ मेगाहर्ट्झचेच अंतर असते आणि एक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ व्यापते, म्हणून ही तीनच एकमेकांना न झाकणारी. १ आणि ६ दोन्हींवर गर्दी दिसते म्हणून कुणी ३ निवडतो आणि दोन्हींकडून मार खातो. शेजारी १वर असेल आणि तुम्हीही १वर असाल, तर दोन्ही राउटर एकमेकांच्या फ्रेम ओळखतात आणि आळीपाळीने पाठवतात. तुम्ही ३वर असाल तर त्याची फ्रेम तुम्हाला नुसता गोंगाट वाटते आणि तुमची त्याला. गर्दीच्या चॅनेलवर ओळखीने राहणे अर्ध्या-मुर्ध्या चॅनेलवर अनोळखी राहण्यापेक्षा बरे.

४. कॉलसाठीचा फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि तिथली रुंदी ८० किंवा १६०वरून ४० मेगाहर्ट्झवर आणा. १६०ची रुंदी घेतली तर अख्ख्या पट्ट्यात दोनच चॅनेल बसतात, ८०ची घेतली तर पाच-सहा, ४०ची घेतली तर साधारण डझनभर. स्पीड टेस्टचा आकडा उतरेल. कॉल मात्र सुधारेल, कारण व्हिडिओ कॉलला लागतात काही मेगाबिट आणि स्थिर हवा. ५२ ते ६४ आणि १००पासून १४९च्या अलीकडपर्यंतची चॅनेल बऱ्याचदा मोकळी सापडतात, कारण ती रडारशी वाटून घ्यावी लागतात. तिथे जाण्याआधी राउटर मिनिटभर नुसता ऐकतो, आणि रडार जाणवले तर चॅनेल सोडून अर्धा तास परत येत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी असे होत असेल तर खुशाल वापरा. रोज होत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढे या.

५. नवी खरेदी करायचीच असेल तर ६ गिगाहर्ट्झ असलेली करा. सिंगापूरने २०२३मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायला खुला केला. त्यात ८० मेगाहर्ट्झची सहा चॅनेल बसतात, जुनी मंद उपकरणे तिथे येऊच शकत नाहीत, आणि या लहरी भिंतीत लवकर विरतात. भिंतीत विरणे हा एरवी दोष. ब्लॉकमध्ये तो गुण, कारण शेजाऱ्याचे तुमच्यापर्यंत आणि तुमचे शेजाऱ्यापर्यंत कमी पोचते. फोन आणि लॅपटॉपही ६ गिगाहर्ट्झचे हवेत, हे आधी तपासा.

६. राउटरची ताकद कमी करा. सूचना उलटी वाटेल, पण राउटर जोरात पाठवतो म्हणून फोनचा जोर वाढत नाही. फोनच्या छोट्या बॅटरीवरचे उत्तर तितकेच क्षीण राहते. राउटरचा जोर मात्र चार घरे पलीकडच्यांना थांबायला लावतो. ताकद मध्यमवर आणा, नेहमीच्या जागी संकेत उणे ६५च्या आत राहतो का ते पाहा. राहत असेल तर तेवढी पुरे.

७. राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवा. फायबरची पेटी दाराजवळ आहे म्हणून राउटरही तिथेच लोखंडी दाराशेजारी ठेवण्याची गरज नाही. मध्ये लांब केबल चालते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या एचडीबी घरांत जाड काँक्रीटची निवारा-खोली असते आणि ती कोठीसारखी वापरली जाते. त्या खोलीत राउटर ठेवणे म्हणजे संकेत काँक्रीटमध्ये कोंडणे. मायक्रोवेव्ह, माशांची टाकी, मोठा आरसा आणि यूएसबी ३ची डिस्क यांच्यापासूनही त्याला दूर ठेवा.

८. वायफायची नावे कमी करा. प्रत्येक नावाची घोषणा राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी करतो, आणि जुना १ मेगाबिटचा वेग चालू असेल तर ती त्याच वेगाने होते. ३०० बाइटची घोषणा तेव्हा अडीच मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेते, म्हणजे एका नावापोटी हवेचा सुमारे अडीच टक्के वेळ. एकाच चॅनेलवर अशी वीस नावे ऐकू आली की कुणी काही न पाठवताच निम्मी हवा संपली. पाहुण्यांसाठी, मुलांसाठी, कॅमेऱ्यांसाठी अशी नावे वाढवू नका. सेटिंगमध्ये ८०२.११बी बंद करता येत असेल तर करा. किमान वेग ६ मेगाबिट झाला की हीच घोषणा सुमारे ०.४ मिलिसेकंदात उरकते.

९. झिगबी या वेगळ्या रेडिओ पद्धतीवर चालणारे दिवे आणि सेन्सर असतील तर त्यांचे चॅनेल २५ ठेवा आणि २.४चे वायफाय १, ६ किंवा ११वर; झिगबीचे हे चॅनेल वायफायच्या ११व्या चॅनेलच्याही वर बसते. ब्लूटूथ गर्दीची जागा टाळत स्वतःच उड्या मारते, त्याला हात लावायला नको.

१०. आरटीएसची मर्यादा सर्वांत शेवटी. राउटरच्या प्रगत सेटिंगमध्ये ती २३४७ असते, म्हणजे व्यवहारात बंद. छुप्या केंद्राची चिन्हे स्पष्ट असतील, म्हणजे दोन खोल्यांतली उपकरणे एकदम चालू झाली की दोन्ही अडखळतात आणि एकेकटी नीट चालतात, तरच ती ५००च्या आसपास आणून आठवडाभर पाहा. प्रत्येक आरक्षणालाही हवेतला वेळ लागतो. छुपे केंद्र नसेल तर हा खर्च फुकट जाईल. लॅपटॉपच्या वायफायच्या सेटिंगमध्येही अशी मर्यादा असू शकते. तुमचे लॅपटॉपच एकमेकांना छुपे असतील, तर बदल तिथे करावा लागतो.

एका वेळी एकच बदल करा, दोन-तीन रात्री थांबा, मग पुन्हा पिंग मोजा. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही, आणि बिघडले तर परत कुठे जायचे तेही. डब्ल्यूएमएम नावाची सेटिंग मात्र कधीच बंद करू नका. आवाज आणि व्हिडिओला आधी वाट देणारी ती हीच, आणि ती बंद केली की वायफायचा वेगही जुन्या पातळीवर येतो.

शेजाऱ्यांशी बोला

वायफायचे पट्टे विनापरवाना आहेत. परवाना लागत नाही, म्हणून व्यत्ययापासून संरक्षणही मिळत नाही. शेजाऱ्याचा राउटर नियमात बसत असेल तर त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यासारखे काही नसते. कायदेशीर मर्यादेहून जास्त ताकदीची उपकरणे आणणे किंवा संकेत दाबणारा जॅमर लावणे हा मात्र सिंगापूरमध्ये गुन्हा आहे. स्वस्तात मिळाले म्हणून तसले काही घरात आणू नका.

उरतो एकच मार्ग, आणि तो सर्वांत चांगला आहे. सज्जावर भेटणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलून चॅनेल वाटून घ्या. कृती सोपी आहे. तुमचे घर १वर, उजवीकडचे ६वर, डावीकडचे ११वर. तुमच्या वरचे ६वर, खालचे ११वर. याच क्रमाने पुढे गेलात तर भिंत किंवा मजला लागून असलेल्या कुठल्याही दोन घरांना एक चॅनेल येत नाही. जवळच्या घरांपैकी सारखे चॅनेल फक्त तिरप्या दिशेच्या घरांना येते, आणि तिथे मध्ये भिंत आणि मजला दोन्ही असतात. पाच घरांनी एवढे पाळले तरी मधल्या घराला फरक जाणवेल. ब्लॉकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ही आखणी इंग्रजीत चार ओळींत लिहा. शेजारच्या वयस्क अंकल-आँटींना सेटिंग जमत नसेल, तर त्यांच्या शेजारी बसून मदत करा. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या.

वायफाय ६ हे प्रमाण याच दिशेने जाते. त्यात राउटर एकाच क्षणी अनेक उपकरणांना चॅनेलचे वेगवेगळे तुकडे वाटून देऊ शकतो, त्यामुळे उपकरणांची आपसातली सोडत कमी होते. आणि प्रत्येक जाळे आपल्या फ्रेमवर ६३पैकी एका 'रंगा'ची खूण करते, म्हणजे लांबच्या शेजाऱ्याची क्षीण फ्रेम ओळखून तिच्यासाठी विनाकारण थांबावे लागत नाही. पण ही सोय दोन्ही बाजूंची उपकरणे नवी असली तरच चालते, आणि ब्लॉकमध्ये पुढची कित्येक वर्षे जुनी-नवी एकत्रच नांदणार आहेत.

तोवरची शिस्त आपल्या हातात आहे. या आठवड्यात तीन कामे करा : टीव्हीला तार लावा, ५ गिगाहर्ट्झची रुंदी ४०वर आणा, २.४चे चॅनेल १, ६ किंवा ११ करा. तिन्हींना मिळून एका केबलचाच खर्च आहे. रात्री नऊनंतर पिंग पुन्हा मोजा आणि आकडा वहीत लिहा. सुधारला असेल तर तीच तीन कामे शेजारच्या घरात करून द्या. त्यांची हवा सुटसुटीत झाली की तुमचीही होते, कारण ती एकच आहे.